खालच्या चार ओळी

छापखान्यात काकांना सगळे ‘कात्री’ म्हणतात. तोंडावर नाही. तोंडावर काका. पण त्यांना ते माहीत आहे. एकदा मशीनवाला जिन्याच्या तोंडाशी उभा राहून कुणाला तरी ओरडून विचारत होता, "कात्री आली का रे?" आणि काका त्याच्या मागूनच चढत होते. ते म्हणाले, "आलीय. धार गेलीय. जरा सरक बाजूला."

आमचं मासिक एका चर्चचं. सोळा पानं. काका त्याचे मुद्रितशोधक. चुका शोधायच्या आणि मजकूर पानात बसवायचा, हे त्यांचं काम. छत्तीस वर्षं तेच. खोली वरच्या मजल्यावर. दोन टेबलं, अर्धीच उघडणारी खिडकी, पाणी गरम करायची किटली. खाली मशीन सुरू झालं की थरथर आधी पायात येते, आवाज नंतर.

मी साहित्यात एम. ए. करून तिथे लागले. पहिल्याच दिवशी काकांनी माझ्यापुढे एक लेख टाकला. "सहा ओळी जास्त होतायत. काप."

मी अर्धा तास वाचत बसले. एक वाक्य सुंदर होतं. दुसरं गरजेचं होतं. काकांनी कागद ओढून घेतला आणि शेवटच्या सहा ओळींवर लाल रेघ मारली.

"खालून कापायचं," ते म्हणाले. "लिहिणारा शेवटी शेवटी दमतो. वाचणारा त्याच्या आधीच दमलेला असतो. शेवटच्या ओळींना वाली नसतो."

"पण शेवट महत्त्वाचा असतो ना काका?"

"परीक्षेत असेल."

तरी आमची मैत्री झाली. ते सहासष्टचे, मी सव्वीसची. त्यांनी लग्न केलेलं नाही. एक खोली आणि स्वयंपाकघर, एवढं घर. डब्यात रोज पाव आणि दोन उकडलेली अंडी. "पाण्यात टाकायचं आणि वाट बघायची, एवढाच स्वयंपाक मला येतो." शर्टाच्या खिशाला लाल शाईचा डाग कायमचा. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून भिंग. खुर्चीत बसताना दर वेळी म्हणायचे, "चला, बसलो एकदाचा." सकाळी नऊ वाजताही.

त्यांच्या बोलण्यात एक ताई यायची. ताई म्हणायची, ताई करायची, ताईने शिकवलं. मला वाटायचं, ती केव्हाच गेली असणार. दोन बसथांब्यांवर राहते, हे मला गेल्या ऑक्टोबरात कळलं.

ऑक्टोबरअखेरीला डिसेंबरच्या अंकाची बैठक असते. बैठक म्हणजे पाळकसाहेब जिना चढून येतात आणि आम्ही दोघं ऐकतो. या वेळी त्यांच्या हातात वाचकांची तीन पत्रं होती.

"दरवर्षीचंच रडगाणं," पाळकसाहेब म्हणाले. "हा म्हणतो, शेजारी मला टोचून बोलतो. म्हणतो, पंचवीस डिसेंबर हा मूर्तिपूजकांच्या सूर्यदेवाचा वाढदिवस होता, तुम्ही त्यावर ख्रिस्ताचं नाव चिकटवलंत. आता काय उत्तर द्यायचं? आपल्याकडे तो एक जुना लेख आहे ना, ‘पंचवीस डिसेंबरच का?’ तो परत घ्या. छान आहे."

"नाही," काका म्हणाले.

मी त्यांना पाळकसाहेबांपुढे नाही म्हणताना कधी ऐकलं नव्हतं. पाळकसाहेबांनीही नसावं.

"नाही म्हणजे?"

"तो पुरा नाही."

"मी वाचलाय की."

"तुम्ही छापलेला वाचलात."

काकांनी सगळ्यात खालचा खण ओढला. तो अडकतो, त्यांना दोनदा झटका द्यावा लागला. आतून त्यांनी एक पिवळं पडलेलं प्रूफ काढलं. बावीस वर्षांपूर्वीचं. लेख इतिहासाच्या एका निवृत्त मास्तरांचा. रोमन लोक हिवाळ्यात अजिंक्य सूर्याचा जन्म साजरा करत, चर्चने तीच तारीख उचलली, असं त्यात ठामपणे लिहिलं होतं. परिच्छेद संपत होता तो असा: ‘म्हणजे हा सण मुळात आपला नव्हताच.’ आणि त्याखाली लाल रेघेने खोडलेल्या चार ओळी.

‘मात्र हे एक मत झाले. सूर्याचा उत्सव त्या तारखेला आधीपासून होता, याचा निर्विवाद पुरावा नाही. ही तारीख वेगळ्याच गणिताने आली, असे मानणारेही अभ्यासक आहेत. हा प्रश्न अजून मिटलेला नाही.’

"गायनवृंदाच्या सरावाची वेळ बदलली होती," काका म्हणाले. "साडेपाचऐवजी सहा. शेवटच्या दुपारी नोटीस आली. चार ओळींची जागा हवी होती."

पाळकसाहेबांनी प्रूफ खिडकीशी नेऊन वाचलं. "मग चार ओळी जोडा आणि छापा. त्यात काय एवढं!"

"बघतो," काका म्हणाले.

ते गेल्यावर काका बराच वेळ भिंग पुसत बसले. मग त्यांनी मला सांगितलं.

काका घरातलं शेंडेफळ. वडील लवकर गेले. दहा वर्षांनी मोठ्या ताईने त्यांना वाढवलं. वर दादा आणि मधला असे दोन भाऊ होते, पण अभ्यास घ्यायचा, नाक पुसायचं, शाळेत जाऊन भांडायचं ते ताईने. पुढे ताईचे यजमान गेले. मुलगा कॉलेजात. आई तिच्याकडेच राहायची. म्हणून नाताळ तिच्या घरी. दोन्ही भाऊ, वहिन्या, पोरं, आई, काका, धरून चौदा माणसं. दरवर्षी.

"तिच्या घरात शिरलं की केकचा वास जिन्यापर्यंत यायचा," काका म्हणाले. "खिडकीत कागदाची चांदणी. कोपऱ्यात येशूजन्माचा गोठा. मेंढरांच्या पायाखाली खरं गवत. मी चाळिशी ओलांडली होती, तरी गोठा बघायला आधी धावायचो."

त्या वर्षी डिसेंबरचा अंक घरी आला. ताईने तो वाचला आणि भावांना फोन केले. हा सण आपला नाही, इथे छापून आलंय, मी करणार नाही. दादा तरातरा आला. तू आमच्यापेक्षा शहाणी झालीस का? ताईने अंक त्याच्यापुढे धरला आणि शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं. दादा चर्चच्या समितीवर होता. चर्चचंच मासिक. बोलणार काय?

"वहिन्या म्हणाल्या, आमच्याकडे एवढी जागा नाही. झालं. कुणाकडेच नाही. आई चांगले कपडे घालून दोन वाजेपर्यंत खुर्चीत बसून होती म्हणे. शेजारीण सांगत होती. पुढच्या उन्हाळ्यात आई गेली. मग एकत्र यायला निमित्तच उरलं नाही. दादा अजून म्हणतो, त्या मासिकाने आमचं घर फोडलं." काकांनी भिंग खिशात ठेवलं. "मासिकाने नाही. मी."

"तुम्ही ताईंना सांगितलं का नाही?"

"पहिल्यांदा भीती वाटली. मग आई गेली. मग ते सांगण्यासारखं राहिलंच नाही. जायचोच नाही फारसा. वाढदिवसाला फोन."

आता ताईंचा मुलगा त्यांना कायमचं आपल्याकडे नेणार होता. विमानाने जायचं, इतकं लांब. तीस डिसेंबरचं तिकीट. घर रिकामं होत होतं.

"ती जाण्याआधी तिला कळायला हवं," काका म्हणाले. "एक पंचवीस तारीख तरी. माझ्या कात्रीने तिची बावीस वर्षं खाल्ली."

चार ओळी परत जोडल्या की झालं, असं मला वाटलं होतं. काका तयार नव्हते. "तेव्हा न तपासता कापल्या. आता न तपासता चिकटवू?"

म्हणून नोव्हेंबरभर आम्ही जेवणाच्या सुट्टीत वाचनालयात जात होतो. काका वाटेत दोनदा थांबायचे. दुकानाच्या काचेत बघितल्यासारखं करायचे. दम लागला, असं म्हणायचे नाहीत.

मी शोधायचे, वाचून दाखवायचे. काका टिपून घ्यायचे. पंचवीस डिसेंबर हा सूर्याचा जन्मदिवस, अशी सगळ्यात जुनी नोंद इसवी सन ३५४च्या एका संग्रहात सापडते. आणि ख्रिस्ताचा जन्म पंचवीस डिसेंबरचा, ही सगळ्यात जुनी नोंदही त्याच संग्रहात.

"एकाच पुस्तकात?"

"हो."

"मग कुणी कुणाचं उचललं?"

"त्यावरच भांडण चाललंय, काका."

त्याच्या ऐंशी वर्षं आधी एका सम्राटाने सूर्याचं मोठं मंदिर बांधलं, हे नक्की. पण उत्सव याच तारखेला होता असं त्या काळात कुणी लिहून ठेवलेलं सापडत नाही. रोमन लोकांची डिसेंबरातली जी धमाल सगळे सांगतात, ती सतरा तारखेला सुरू व्हायची आणि तेवीसच्या आसपास संपायची. दुसरी बाजू म्हणते, ही तारीख गणिताने आली. ख्रिस्ताला क्रुसावर दिलं तो दिवस पंचवीस मार्च धरायचा, आईच्या पोटात राहिला तोही तोच धरायचा, आणि पुढे नऊ महिने मोजायचे.

"हाही अंदाजच," काका म्हणाले.

"अंदाजच."

मग एक दिवस ती टीप सापडली. बाराव्या शतकातला एक ग्रंथ. त्याच्या समासात कुणा अनामिक माणसाने लिहून ठेवलेलं, की त्या दिवशी सूर्याचा उत्सव असे, लोक त्यात रमत, म्हणून वडीलधाऱ्यांनी आपला सण त्या तारखेला आणला. सूर्याकडून उसनं घेतलं म्हणणारे या टिपेवर फार भर देतात. काकांनी ती तीनदा वाचली. भिंग लावून.

"आठशे वर्षांनी कुणीतरी समासात खरडतो," ते म्हणाले, "आणि लोक पुरावा म्हणून नाचवतात. समासात खरडणारे आपण. आपलं किती खरं असतं, ते मला विचार."

त्यांनी स्वतः लेख लिहिला. छत्तीस वर्षांतला पहिला. प्रत्येक वाक्यात ‘बहुधा’ होतं, नाहीतर ‘असावं’. लिहून झाल्यावर त्यांनी पेनला टोपण लावलं.

"मला वाटलं होतं, ताईच्या हातात कागद ठेवीन. हा घे, सण तुझाच. आता काय म्हणू? बहुधा तुझाच?"

शनिवारी दुपारी आम्ही ताईंकडे गेलो. "तू चल," काका म्हणाले. "वाचायला. माझा घसा बसतो." लिफ्ट बंद होती. तिसरा मजला. काका प्रत्येक वळणावर थांबले. शेवटच्या वळणावर त्यांनी केस सारखे केले.

काकांना मी काका म्हणते, म्हणून ताई माझ्या आत्या झाल्या. उंच, वाळलेल्या, छातीशी चष्मा लोंबत असलेल्या. त्यांनी काकांकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"वाळलास. अजून अंडीच खातोस ना? आणि ही कोण?"

"ऑफिसात असते माझ्या. साहित्य शिकलीय."

"अरेरे," आत्या म्हणाल्या. "ये गं, बस."

घरभर खोकी होती. प्रत्येकावर जाड अक्षरात लिहिलेलं. ‘पुस्तकं, न्यायची.’ ‘औषधं, हातात ठेवणे.’ सगळ्यात मोठ्या दोन खोक्यांवर ‘मोठी भांडी. देऊन टाकणे.’ आत्यांनी चहा केला. काकांनी कप उचलला आणि न पिता खाली ठेवला. मग पिवळं प्रूफ टेबलावर पसरलं.

"वाच," ते मला म्हणाले.

मी त्या चार ओळी वाचल्या. मग काकांचा लेख वाचला. सम्राट, संग्रह, गणित, समास. आत्या डोळे मिटून ऐकत होत्या. मी थांबले तेव्हा काकांनी बोलायला सुरुवात केली. आवाज खरंच बसला होता.

"मी कापल्या, ताई. गायनाच्या नोटिशीसाठी. मास्तरांनी लिहिलं होतं, प्रश्न मिटलेला नाही. मी ते उडवलं. तू वाचलंस ते अर्धंच होतं."

"माहीत आहे," आत्या म्हणाल्या.

"काय माहीत आहे?"

"चार ओळी होत्या ते. मास्तरांनीच सांगितलं. बाजारात भेटले होते, जानेवारीत. असले चिडले होते तुझ्यावर! म्हणाले, तुमच्या भावाने माझ्या लेखाचं धड ठेवलं आणि डोकं कापलं."

"कुठल्या जानेवारीत?"

"त्याच."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. जणू प्रूफात चूक आहे आणि ती मला दिसतेय का, ते बघत होते.

"मग पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी म्हटलं, नाही करणार."

"का पण?"

"दमले होते रे."

बाहेर कुणीतरी जिन्यातून काहीतरी जड ओढत नेत होतं. तो आवाज गेल्यावर आत्या बोलायला लागल्या.

"एक तारखेपासून पडदे धुवायचे. गाद्या उन्हात. दहा तारखेपासून भट्टी. चौदा जणांचा स्वयंपाक. तुझ्या वहिन्या यायच्या साडेबाराला, नटूनथटून, आणि म्हणायच्या, काही मदत करू का? साडेबाराला! दादा म्हणायचा, ताईच्या हाताची चव कुणाला नाही. पोरं गोठ्यातल्या मेंढ्या पळवायची. आणि तू, तू एवढा घोडा, गोठ्यापुढे मांडी ठोकून बसायचास. संध्याकाळी सगळे गेले की मी आणि आई सात वाजेपर्यंत भांडी घासायचो. अठ्ठावीस ताटं, कारण गोडाला वेगळी हवीत."

"सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं. दोन वर्षं आधी. दमते म्हटलं. दादा हसला. म्हणाला, तू आणि दमणार? बाईने दमले म्हटलं की लोक हसतात. देवाचं कारण काढलं की एकदम गप्प बसतात. मी कारणच शोधत होते. तुझ्या मासिकात आयतं मिळालं, तेही चर्चच्या शिक्क्याचं."

"आणि आई? ती दोन वाजेपर्यंत बसून होती."

"दादाची वाट बघत. तो न्यायला येईल म्हणाली. तो आला नाही, तो तुझा दादा. मग आम्ही दोघींनी सूप आणि पाव खाल्ला आणि झोपलो. पाच वाजेपर्यंत. आई उठली आणि म्हणाली, अगं, पंचवीस तारखेला दुपारी झोपता येतं!"

आम्ही महिनाभर चौथ्या शतकात फिरत होतो. सूर्य शोधला, सम्राट शोधला, समासातला माणूस शोधला. अठ्ठावीस ताटं आम्हाला कुठल्याच पुस्तकात सापडली नव्हती.

"मला तरी सांगायचं," शेवटी काका म्हणाले.

"तू विचारलंस? बावीस वर्षांत एकदा यायचं आणि विचारायचं, ताई, खरंच सूर्यामुळे का गं? तू तर यायचाच बंद झालास. मला वाटलं, चिडलास."

"चिडून नाही. लाजेने."

"मला काय कळणार? लांबून दोन्ही सारखंच दिसतं."

कप रिकामे झाले होते. काकांचा तसाच होता, साय धरलेला. मी उठले आणि तिन्ही कप उचलले. विचार न करता. आत्यांनी माझं मनगट धरलं. पकड घट्ट होती.

"बस खाली. तू कशाला उठलीस?"

मी कप परत टेबलावर ठेवले.

"त्याला उठू दे."

काका उठले. कप घेऊन दोन खोक्यांच्या मधोमध उभे राहिले. "कुठे ठेवू?"

"ठेवतोस काय? धू."

आतून नळाचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला. तीन कपांना एवढं पाणी लागत नाही. मग नळ बंद झाला आणि काका तिथूनच म्हणाले, "ताई, पंचवीसला माझ्याकडे ये."

"काय करशील?"

"अंडी उकडेन."

"आणि?"

"पाव आणेन. ताजा."

"मी जागची उठणार नाही. आत्ताच सांगून ठेवते."

"नको उठूस."

उतरताना काका दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसले. मी शेजारी बसले. "बावीस वर्षं," ते म्हणाले, "मला वाटायचं, ती त्या दिवशी एकटी रडत असेल. ती झोपलेली असायची." हसतील असं वाटलं. हसले नाहीत. डोळ्यांवरून हात फिरवला. "मीही झोपायला हवं होतं."

सोमवारी लेख पानात लावला. चार ओळी जास्त झाल्या. मी सवयीने शेवटाकडे गेले. काका भिंगातून बघत होते.

"वरून काप," ते म्हणाले.

मी सम्राटाचं मंदिर कापलं. लेख संपला तो ‘हा प्रश्न अजून मिटलेला नाही’ इथे. पाळकसाहेब म्हणाले, याने शेजाऱ्याचं तोंड बंद होणार नाही. काका म्हणाले, नाही होणार.

पंचवीस तारखेला मी दुपारी एकला गेले. आत्या माझ्या आधी आल्या होत्या. रिकाम्या हातांनी. काकांच्या घरात खुर्च्या दोनच, म्हणून मी पलंगावर बसले. चांदणी नव्हती, गोठा नव्हता. टेबलावर सहा अंडी, पाव, लोणी आणि पातेलंभर सूप. सूप त्यांनी पहिल्यांदाच केलं होतं. आत्यांनी एक चमचा घेतला.

"तुझा तो प्रश्न मिटला का रे?"

"नाही."

"मग मीठ दे."

काका मीठ आणायला उठले. मग चमचा आणायला. मग पाणी. दर वेळी गुडघ्यावर हात टेकून. आत्या त्यांच्याकडे बघत होत्या, आणि मला वाटतं, मोजत होत्या. सगळं खाऊन झाल्यावर त्यांनी ताट हातभर पुढे सरकवलं, चष्मा काढला आणि मान मागे टाकली. दोन मिनिटांत त्यांचा श्वास संथ झाला.

मी उठायला गेले. काकांनी हाताने बस म्हणून खूण केली. तिघांची ताटं, वाट्या, पातेलं, सगळं एकदम छातीशी धरून ते स्वयंपाकघरात गेले. नळ सुटला. जरा वेळाने काहीतरी खळकन फुटलं.

"काही नाही, काही नाही," आतून आवाज आला.

आत्यांनी डोळे उघडले नाहीत.